देवबागला किनाऱ्यालगत जागा घ्यावी का? सातबारा ११ गुंठ्यांचा, पण जमीन किती उरलीय?

नमस्कार मंडळी, लांबलचक लिहितेय पण कृपया पूर्ण वाचा, कारण घरात ज्याला विचारावं तो भावनेच्या भरात बोलतोय आणि आम्हाला श्रावणाच्या आत मामाला हो की नाही ते कळवायचंय.

आईचं माहेर देवबाग, मालवण तालुका. ज्यांनी गाव बघितलंय त्यांना माहितीय, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी, त्यावरच अख्खं गाव. मामाची वाडी समुद्राच्या बाजूला. मामा आता थकलाय, त्याची मुलं पुण्यात, त्यामुळे मे महिन्यात गेलो तेव्हा म्हणाला की बाहेरच्याला विकण्यापेक्षा तूच घे, तुझ्याकडून बाजारभाव घेणार नाही. आई तेव्हापासून दोन खोल्या, पुढे खळं, तुळस याचीच स्वप्नं बघतेय. बाबा गेल्यानंतर तिने पहिल्यांदा काहीतरी मागितलंय, म्हणून नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

पण मी गेल्या वर्षी जूनमध्ये उधाणाच्या दिवसात तिथे होते. लहानपणी ज्या विहिरीवर आम्ही रहाटाने पाणी काढायचो ती वाडीच्या मधोमध होती, तिच्यापुढे माडांच्या तीन रांगा, मग सुरूची झाडं, मग पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. आता माड गेले, सुरू गेली आणि विहिरीच्या सिमेंटच्या रिंगा वाळूतून माझ्या छातीएवढ्या वर आल्यात, सगळ्या बाजूंनी उघड्या, लाट येते ती त्यांना वळसा घालून मागे जाते. मागच्या नव्या विहिरीचं पाणी मचूळ लागतं. मामा म्हणतो, "बंधारो झालो की मगे भियाचा काय नाय." मामी मात्र भांडी घासता घासता हळूच म्हणाली, "उधाणाच्या राती झोप लागणा नाय गो."

कागद बघितले. सातबारा मामाच्या एकट्याच्या नावावर, आईने आणि मावशीने हक्कसोड केव्हाच दिलंय. क्षेत्र ११ गुंठे, पण मी पावलांनी मोजलं तर सहा-सात गुंठ्यांच्या वर काही भरत नाही, बाकीचं पाण्यात. जुनं चिऱ्याचं घर रस्त्याच्या जवळ आहे, आजोबांच्या काळातलं, घरपट्टी सुरू आहे. एक एजंट म्हणतो की नवीन सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांत, २०० मीटरची अट गेली, आता ५० मीटर सोडून काहीही बांधा. खरं आहे का हे? पुढे बंधारा झाला तर जागा टिकेल का? आणि मामाशी मोजणीचा विषय कसा काढू, त्याला वाटेल भाची हिशेब मागायला लागली. प्लीज अनुभव असलेल्यांनी सांगा.

प्रतिसाद:

ताई, मी दापोलीकडे २० वर्षं घरांची कामं करतोय, जे बघितलंय ते सांगतो. एजंट अर्धंच सांगतोय. २०१९ च्या अधिसूचनेत ५० मीटरची सवलत आहे ती दाट वस्तीच्या ग्रामीण भागाला, म्हणजे २०११ च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त लोक असतील तिथेच, बाकी गावांना भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास पट्टा अजून आहे. तुमचा सर्व्हे नंबर कशात पडतो ते एमसीझेडएमएच्या (राज्याच्या किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाच्या) साइटवरच्या नकाशात बघा. भरतीरेषाही नकाशावरचीच धरतात, आपल्याला दिसते ती नव्हे. तुमच्याकडे तर खाडीच्या बाजूनेही अंतर सोडावं लागतं. कोचीजवळ मरडूला सीआरझेड मोडून बांधलेली चार निवासी संकुलं जानेवारी २०२० मध्ये कोर्टाच्या आदेशाने पाडली, घेणाऱ्यांनी पूर्ण पैसे भरलेले होते हे लक्षात ठेवा.

बंधाऱ्याच्या भरवशावर जागा घेऊ नका. दगड वाळूत रुततात, दर काही वर्षांनी वरून भर घालावी लागते. मागची जमीन काही काळ वाचते पण पुढची पुळण खाली जाते आणि बंधारा जिथे संपतो त्याच्या पुढच्या वाडीला लाट जास्त खाते. तुमची वाडी टोकाला आहे का ते आधी बघा. आणि जानेवारीत गेलात तर वाळू परत आलेली दिसते, किनारा मस्त रुंद, बाहेरची माणसं तेव्हाच बघून इसार देतात. आषाढातल्या अमावास्येला भरतीच्या वेळी उभं राहून बघा, आणि गूगल अर्थवर जुन्या वर्षांचे फोटो लावून विहिरीपासून पाण्याचं अंतर दर वर्षी किती कमी झालं ते मोजा.

सातबाऱ्यावरचं क्षेत्र आपोआप कमी होत नाही, त्यामुळे तुम्ही पाण्यातल्या गुंठ्यांचेही पैसे द्याल. मोजणी करायचीच. अर्ज मामांच्याच नावाने करावा लागतो, तेव्हा त्यांनाच पुढे करा, म्हणजे हिशेब मागितल्यासारखं होणार नाही. जमीन शेतीची असेल तर तुमच्या नावावर शेती आहे का, हेही वकिलाला विचारा.

माझं मत, समुद्राकडच्या बाजूला नवीन जोतं घालू नका. जुनं घर अधिकृत असेल तर त्याच जोत्यावर, तेवढ्याच क्षेत्रात दुरुस्ती किंवा पुनर्बांधणीला नियमात जागा आहे. असेसमेंटचे (घरपट्टी आकारणीचे) जुने उतारे ग्रामपंचायतीतून काढा, जितके जुने मिळतील तितके. आणि पुढे मर्यादवेल उरली असेल तर ती साफ करू नका, वाळू तीच धरून ठेवते.

धागाकर्ती:

दादा, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. मर्यादवेल ऐकल्यावर ती म्हणाली की आजी ती कुणाला उपटू द्यायची नाही, आम्ही पोरं वेलीवरून धावलो तरी ओरडायची. मग बराच वेळ गप्प होती, आणि म्हणाली की मला नवीन घर नकोच, जुन्या घराची कौलं बदल आणि मामा-मामीला तिथेच राहू दे, मी मे महिन्यात जाऊन राहीन. बंधारा झाला तर वाडी त्याच्या टोकालाच येईल, फोटो बघून खात्री केली. मामाशी काल फोनवर बोलले, मोजणीच्या अर्जावर सही करतो म्हणाला. आता एवढंच सांगा, घर मामाच्या नावावर ठेवून दुरुस्तीला पैसे मी घातले तर उद्या मामेभावांशी वाद नको म्हणून कागद कसा करावा? आणि दुरुस्तीची परवानगी ग्रामपंचायतीत मागायची की तालुक्याला?