होमर सिटीची चिमणी आणि वॉशिंग्टनचा बडगा

मोनोंगाहेलाकाठचा

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, पिट्सबर्गच्या पूर्वेला होमर सिटी. १९६९ पासून तिथं कोळशाचं वीजकेंद्र होतं, एक चिमणी तर १,२१७ फुटांची. लांबून ती दिसली की घर जवळ आल्यासारखं वाटायचं. जुलै २०२३ मध्ये केंद्र बंद झालं आणि मार्च २०२५ मध्ये चिमण्या सुरुंग लावून पाडल्या. आता तिथं डेटा सेंटरसाठी गॅसवरचं केंद्र व्हायचं आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. स्वतःच्या जमिनीतला कोळसा जाळायचा की नाही, हे निवडून दिलेल्या काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं ठरवावं, ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेच्या कारकुनांनी नाही. २००९ मध्ये कार्बनच्या धुरावर मर्यादा घालणारं विधेयक काँग्रेसच्या हाउसमध्ये पास झालं, दुसऱ्या सभागृहात, सिनेटमध्ये बारगळलं. मग २०१५ मध्ये ओबामांनी क्लीन एअर ॲक्ट या हवाप्रदूषणाच्या कायद्यातलं एक आडबाजूचं कलम शोधून तोच माल मागच्या दारानं आणला, नाव क्लीन पॉवर प्लॅन, वीजकेंद्रांचा कार्बन कमी करायचा. सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये स्थगिती दिली. २०२२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या खटल्यात ६ विरुद्ध ३ असा निकाल आला: एवढा मोठा फेरबदल करायचा तर काँग्रेसनं तसा अधिकार स्पष्ट शब्दांत दिलेला हवा.

आणि हे नुसतं कायद्याचं नाही, खिशाचंही आहे. पीजेएम म्हणजे पेनसिल्व्हेनिया, ओहायोसह अनेक राज्यांचं आमचं वीजजाळं. त्याच्या जुलै २०२४ च्या लिलावात क्षमतेचा दर, म्हणजे गरजेला वीज द्यायला तयार राहण्यासाठी केंद्रांना मिळणारे पैसे, मेगावॉटमागे दिवसाला २८.९२ डॉलरवरून २६९.९२ वर गेला. चालती केंद्रं बंद करत सुटल्यावर दुसरं काय होणार?

फुकटचा वकील

ज्या प्लॅनच्या नावानं शंख करताय तो एक दिवसही लागू झाला नाही हो! २००५ च्या तुलनेत वीजक्षेत्राचा कार्बन ३२ टक्के कमी करायचं त्याचं उद्दिष्ट होतं, मुदत २०३०. ते २०१९ मध्येच गाठलं गेलं. कुणामुळे? तुमच्याच पेनसिल्व्हेनियातल्या मार्सेलस शेल या खडकाच्या थरातून निघणाऱ्या स्वस्त गॅसमुळे. कोळशाला मारलं सख्ख्या भावानं, फिर्याद मात्र शेजाऱ्यावर. आणि गॅस काय सौदीहून येतो? तीही देशी ऊर्जाच.

मोनोंगाहेलाकाठचा

गॅसचं मान्य. पण होमर सिटीच्या मालकांनी बंद करताना गॅसचा दर, महागलेला कोळसा आणि उबदार हिवाळे यांच्या जोडीला पर्यावरण नियमांचा वाढता खर्चही सांगितला होता. ते शेवटचं कारण तुम्ही सोयीनं गिळलंत. डोक्यावर टांगती तलवार असताना जुन्या केंद्रात पैसे कोण घालणार?

ओहायोतला घरमालक

दोघांचंही बरोबर असेल, बिल मी भरतो. पण एक सांगतो. डिसेंबर २०२२ च्या गारठ्यात पीजेएममध्ये ऐन वेळी जी केंद्रं बंद पडली त्यांत बहुतांश गॅसची होती. कोळशाचा ढीग निदान अंगणात असतो. बाकी डेटा सेंटरच्या भुकेचा दोष ईपीएवर ढकलू नका.

निशिगंधा

मोनोंगाहेला नदीकाठी राहता आणि डोनोरा गाव विसरलात? त्याच नदीकाठी, ऑक्टोबर १९४८, धुरक्यात वीस माणसं गेली. धूर जस्त आणि पोलादाच्या कारखान्यांचा होता, वीजकेंद्राचा नाही, हे कबूल. पण असले धडे मिळाले म्हणून तर कायदे झाले.

माझं लहानपण चांद्याकडे गेलं, एका औष्णिक केंद्राच्या वाऱ्याच्या दिशेला. आई दोरीवर कपडे घालायची आणि तासाभरानं ते झटकायची. पांढऱ्या शर्टाची कॉलर बोटानं पुसली की बोटाला करडी पूड. गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर जुनी साडी पसरलेली असायची, चिमण्या-पाखरांसाठी नव्हे. त्या कारकुनांपैकी एखादा तेव्हा आम्हाला हवा होता.

मोनोंगाहेलाकाठचा

निशिगंधाताई, राखेच्या, गंधकाच्या, पाऱ्याच्या नियमांना माझा विरोध नाहीच. 'कारकून' शब्द मागे घेतो. पण त्या सगळ्यांना गाळणी आहे, धूर धुणारा स्क्रबर आहे. खर्च होतो आणि केंद्र चालू राहतं. कार्बनचं तसं नाही. ईपीएच्या २०२४ च्या नियमानं २०३९ नंतरही चालू राहणाऱ्या कोळसा केंद्रांना २०३२ पासून धुरातला ९० टक्के कार्बन पकडायला सांगितलं. एवढं करून परवडेल असं किती केंद्रांना जमणार? म्हणजे 'बंद करा' हेच जरा सभ्य भाषेत.

निशिगंधा

मग भांडण कार्बनपुरतंच ठेवा, सरसकट 'पर्यावरणाचे नियम' म्हणू नका. खाणवाले ते सगळं एकाच पोत्यात भरतात आणि तुम्ही पोतं उचलता.

आई आता नागपुरात असते. दोरीला कपडे लावायच्या आधी अजून ओल्या फडक्यानं दोरी पुसते.