मदत हवी आहे: बेळगावात बिनगव्हाचा सोया सॉस कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. माझ्या भाचीला गव्हाची अ‍ॅलर्जी आहे, आणि नूडल्स म्हणजे तिचा जीव की प्राण. तांदळाच्या शेवया मी घरीच करते, अडलंय ते सोया सॉसवर. जपानी पद्धतीचा सॉस सोयाबीनबरोबर गहू आंबवून करतात. तामारी प्रकारात बहुतेक वेळा गहू नसतो, तोच हवाय. गणपत गल्ली, खडेबाजार, रविवार पेठ पालथी घातली. एका दुकानदारकाकांनी चार बाटल्या काढून, चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. चारही बाटल्यांत गहू निघाला. टिळकवाडी किंवा कॅम्पकडे जपानी-कोरियन सामान ठेवणारं दुकान माहीत आहे का कुणाला? गोव्याहून येणारं कुणी आणलं तरी चालेल, पैसे लगेच देते. घेण्याआधी लेबलचा फोटो मात्र पाठवा, तिच्या बाबतीत अंदाज नको. रविवारी वाढदिवस आहे तिचा.