मदत हवी आहे: ऑटोनॉमस भरकटतंय, आणि छोट्यांचे वर्ग थांबवावेत का यावर टीममध्ये दोन तट

नमस्कार. आमची शाळकरी मुलांची रोबोटिक्स टीम फर्स्ट टेक चॅलेंजमध्ये खेळते. मी त्यांची मेंटर, प्रोग्रामिंग आणि परीक्षकांसमोरच्या मुलाखतीची तयारी बघते. पात्रता स्पर्धा तोंडावर आली आहे आणि दोन प्रश्न एकमेकांत असे गुंतलेत की वेगळे धागे काढण्यात अर्थ नाही.

आधी रोबोटचं. चार मेकॅनम चाकं (कडेला तिरके रोलर असलेली, त्यामुळे रोबोट आडवाही सरकतो), 312 आरपीएमच्या चार मोटर, मागच्या बाजूला उचलायची स्लाइड. सामना सुरू झाला की पहिले 30 सेकंद रोबोटने स्वतःच्या जोरावर खेळायचं (हाच ऑटोनॉमस भाग), तेव्हा कंट्रोलरला हात लावायचा नसतो. पुढे-मागे तो व्यवस्थित जातो. आडवं सरकायला सांगितलं की थोडा आधीच थांबतो आणि थांबता थांबता त्याचं तोंड वळलेलं असतं. तिथून पुढची प्रत्येक हालचाल चुकते. सकाळी बरोबर चाललेला प्रोग्राम संध्याकाळी चुकतो. मुलं दर वेळी अंतराचे आकडे बदलतात, तेवढ्यापुरतं जमतं, बॅटरी बदलली की पुन्हा तेच.

तपासून झालेल्या गोष्टी: वरून पाहिलं तर चारही चाकांचे रोलर मिळून फुली दिसते, म्हणजे चाकं योग्य जागी आहेत. एन्कोडरच्या (मोटरच्या फेऱ्या मोजणाऱ्या सेन्सरच्या) दिशा बरोबर आहेत. स्क्रू घट्ट आहेत. ताजी बॅटरी 13 व्होल्टच्या वर दाखवते, सराव संपेपर्यंत 12 च्या आसपास येते.

आता दुसरा प्रश्न. आमची मुलं दर आठवड्याला लहान मुलांचा वर्ग घेतात. जुन्या मोटर, सेन्सर, खोलून जोडता येईल अशी एक गाडी, एवढंच सामान. पण समजावून सांगण्यात जी मुलं सगळ्यात चांगली आहेत तीच प्रोग्रामिंगही करतात. त्यामुळे अर्धी टीम म्हणते, स्पर्धा होईपर्यंत वर्ग बंद. उरलेली अर्धी म्हणते, त्या पोरांना शब्द दिलाय.

मी दुसऱ्या बाजूची आहे. मागे वर्गात एका मुलीने विचारलं, "आपण चुकलो हे गाडीला कळतं का?" आमचा प्रोग्रामर उत्तर देता देता स्वतःच थबकला. एन्कोडर फक्त मोटरच्या फेऱ्या मोजतो, आमच्या मोटरला एका फेरीत 537.7 टिक्स, म्हणजे मोजणीचे ठोके. चाक घसरलं तरी टिक्स पूर्ण होतात आणि रोबोटला वाटतं आपण पोचलो. आडव्या हालचालीचं दुखणं इथेच आहे हे त्याला तेव्हा उमगलं. कार्यशाळेत आम्ही कितीतरी वेळ त्यावर डोकं खपवत होतो. म्हणून वर्ग म्हणजे बांधणीतून चोरलेला वेळ, हे मला पटत नाही. तरी मुलं थकली आहेत, हेही डोळ्यांना दिसतंय.

तर सांगा: ओडोमेट्रीची चाकं (अंतर मोजणारी वेगळी छोटी चाकं) आत्ता बसवावीत का? वर्गाची जबाबदारी तुमच्या टीममध्ये कशी वाटता? आणि परीक्षकांना द्यायच्या पोर्टफोलिओच्या (टीमच्या कामाच्या अहवालाच्या) 15 पानांत या कामाबद्दल काय लिहावं? "इतक्या मुलांपर्यंत पोचलो" एवढंच लिहिणं मला फार तोकडं वाटतं.

प्रतिसाद १

ताई, ओडोमेट्री आत्ता नको. त्या चाकांना मोटर नसते, ती नुसती जमिनीवर फिरून मोजतात, म्हणून घसरण्याचा प्रश्न जवळपास मिटतो. पण त्यांच्यासाठी सांगाड्यात जागा करावी लागेल, सामना सुरू होताना रोबोट 18 इंचांच्या मापात बसतोय का ते पुन्हा पाहावं लागेल आणि सगळा मार्ग नव्याने बसवावा लागेल. हे स्पर्धेनंतर निवांत करा.

आज करण्यासारखं म्हणजे कंट्रोल हबमधला (रोबोटच्या मुख्य कंट्रोलरमधला) आयएमयू, म्हणजे रोबोट किती वळला ते सांगणारा सेन्सर, वापरा. आडवं सरकताना तोंड किती वळलं ते सतत वाचायचं आणि तेवढी दुरुस्ती चारही मोटरना द्यायची. दुसरं, मोटरला नुसती पॉवर देत असाल तर ती बॅटरीच्या व्होल्टेजचा हिस्सा असते. 0.6 पॉवर म्हणजे सकाळी एक वेग आणि संध्याकाळी दुसरा. एन्कोडरवर वेग सांभाळणारा मोड लावा, किंवा व्होल्टेज मोजून पॉवर त्या प्रमाणात वाढवा. वेग एकदम न देता चढत्या क्रमाने द्या, घसरणं लगेच कमी होतं.

स्लाइड मागे आहे म्हणालात. मागच्या चाकांवर भार जास्त, पुढची हलकी. मेकॅनममध्ये चारही चाकांची पकड सारखी नसेल तर तोंड वळणारच. आणि मैदानाची भिंत जवळ असेल तर रोबोट हलकेच भिंतीला टेकवून तिथून मोजणी नव्याने सुरू करा. साधा उपाय आहे, पण भरवशाचा.

प्रतिसाद २

मी स्पर्धांमध्ये परीक्षक म्हणून स्वयंसेवा केली आहे, म्हणून पोर्टफोलिओबद्दल लिहितो. त्या मुलीचा प्रश्न लिहा. प्रश्न, प्रोग्रामरला काय उमगलं, मग कोडमध्ये काय बदललं, आणि आधी व नंतर रोबोट किती चुकत होता ती मोजमापं. संख्या द्या, पण तिच्याबरोबर वर्ग का सुरू केला आणि पुढे कोण चालवणार हेही सांगा. इन्स्पायर या स्पर्धेतल्या सर्वोच्च पुरस्काराच्या विचारात यंत्र आणि समाजातलं काम दोन्ही येतात, आणि तुमच्याकडे दोन्हींना जोडणारा धागा आपसूक आलेला आहे. फक्त मुलाखतीत ते त्या मुलानेच सांगावं, मेंटरने नव्हे.

वर्ग थांबवू नका, पण प्रोग्रामरना स्पर्धेपर्यंत मोकळं करा. यांत्रिक बांधणीची मुलं शिकवू शकतात. एका पानावर धडा लिहून ठेवला की नवखंही उभं राहतं. एखादा आठवडा खरंच झेपत नसेल तर छोट्यांना आधी सांगून सुट्टी घ्या. न सांगता गैरहजर राहिलात तर ती पोरं दुखावतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आयएमयूची दुरुस्ती घातली, तोंड आता सरळ राहतं. अंतर अजून थोडं कमी पडतं, पण बॅटरी बदलली तरी सारखंच कमी पडतं, म्हणजे आडव्या हालचालीसाठी एक गुणक लावून भागेल असं मुलांचं म्हणणं आहे. पुढचा वर्ग बांधणीच्या गटातली दोघं घेणार आहेत, धड्याचं पान प्रोग्रामरनी लिहून दिलंय.

एकच राहिलं. भार पुढे आणायला बॅटरी पुढच्या बाजूला हलवायची म्हटली तर तिची वायर स्लाइडजवळून जाते. स्लाइड वर-खाली होताना वायर अडकू नये यासाठी कुणी काय केलंय? फोटो असल्यास जरूर टाका.