आयरिश पूर्वजांचा शोध: आधी कोणतं व्याख्यान ऐकावं, कोणता कोर्स घ्यावा?

खडकीकर

पत्नीच्या माहेरचे लोक पुणे कॅम्पातले. तिचे खापरपणजोबा आयरिश, पलटणीत साधे शिपाई, आडनाव रायन, धर्म रोमन कॅथलिक. हातात तीन गोष्टी आहेत. मुंबई इलाख्यातली 1866 ची लग्नाची नोंद: वय 27, पलटण 103 वी फूट (पायदळ), वडिलांचं नाव पॅट्रिक. एका मुलाच्या बाप्तिस्म्याची नोंद, तिच्यात मूळ गावाचा उल्लेख नाही. आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक शब्द, 'टिपरेरी', म्हणजे आयर्लंडमधली एक काउंटी.

आयर्लंडची 1901 आणि 1911 ची जनगणना ऑनलाइन पाहिली. टिपरेरीत रायन इतके, की शोध तिथेच थांबला. हे नीट शिकून घ्यायचं आहे. पुण्यात बसून ऐकता येतील अशी व्याख्यानं कोणती? पैसे भरून कोर्स घ्यावा का? आणि कशापासून सुरुवात करावी?

---

टाउनलँड_आधी

कोर्सचं नाव सांगण्याआधी एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यावरच कोर्सची निवड ठरते. आयर्लंडमध्ये शोध माणसाच्या नावावरून पुढे सरकत नाही, जागेवरून सरकतो. ती जागा म्हणजे टाउनलँड. नावात टाउन असलं तरी त्याचा शहराशी संबंध नाही. आपल्याकडे सातबाऱ्यावर 'मौजे' लिहितात, तसा तो जमिनीचा सर्वांत लहान नोंदलेला तुकडा. असे 60,000 हून जास्त आहेत. त्याच्या वर सिव्हिल पॅरिश (सरकारी विभाग, चर्चचा नव्हे), मग बॅरनी, मग काउंटी, म्हणजे जिल्हा. पुअर लॉ युनियन (गरिबांच्या मदतीसाठी आखलेला विभाग) ही आणखी वेगळी हद्द, आणि जन्ममृत्यूची नोंदणी तिच्यानुसार होते. त्यात कॅथलिक पॅरिशची हद्द सिव्हिल पॅरिशशी जुळेलच असं नाही, नावंही वेगळी असतात. नवशिक्यांचे सर्वांत जास्त तास इथेच वाया जातात: सिव्हिल पॅरिशचं नाव घेऊन त्या नावाचं चर्च शोधत बसतात.

दुसरं, काय शिल्लक आहे ते माहीत हवं. 30 जून 1922 ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी दप्तर जळालं. 1821 ते 1851 च्या चार जनगणनांतले थोडेच तुकडे उरले. मृत्युपत्रं गेली, आणि चर्च ऑफ आयर्लंडच्या निम्म्याहून जास्त नोंदवह्या गेल्या. 1861 आणि 1871 च्या जनगणनेचे कागद सरकारने त्याआधीच नष्ट केले होते, 1881 आणि 1891 चे पहिल्या महायुद्धात लगद्याला गेले. पण कॅथलिक नोंदवह्या चर्चमध्येच ठेवलेल्या होत्या, त्यामुळे त्या वाचल्या. तुमचं कुटुंब कॅथलिक आहे, म्हणजे 'सगळं जळालं' हे वाक्य तुम्हाला लागू नाही. व्याख्यानात ते कोणी सरसकट म्हणालं तर तेवढं सोडून द्या.

आता तुमचं गणित. 1866 मध्ये वय 27, म्हणजे जन्म 1839 च्या आसपास. सर्वांच्या जन्मांची सरकारी नोंद 1 जानेवारी 1864 पासून सुरू झाली (कॅथलिक सोडून इतरांची लग्नं मात्र 1845 पासून), म्हणजे जन्मदाखला मिळणार नाही. बाप्तिस्माच शोधावा लागेल. पलटणीत सांगितलेलं वय अंदाजे असतं, म्हणून 1835 ते 1843 अशी खिडकी ठेवा. नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडने कॅथलिक नोंदवह्यांच्या मायक्रोफिल्मची छायाचित्रं जुलै 2015 पासून फुकट खुली केली आहेत, साधारण 1880 पर्यंतची. त्या संकेतस्थळावर नावाची सूची नाही, पान उलटत वाचायचं. सूची हवी तर फाइंडमायपास्ट, अॅन्सेस्ट्री किंवा रूट्सआयर्लंड, त्यातलं रूट्सआयर्लंड सशुल्क. रूट्सआयर्लंडचं लिप्यंतर त्या त्या काउंटीतल्या केंद्रांनी केलेलं आहे, त्यामुळे गावांची नावं बहुधा तिथे बरी वाचलेली असतात. सूचीतल्या नोंदीवर थांबू नका, मूळ पान उघडा. टाउनलँड आणि साक्षीदारांची नावं पुष्कळदा तिथेच दिसतात.

पण पॅरिश माहीत नसताना टिपरेरीतल्या सगळ्या रायनांचे बाप्तिस्मे काढलेत तर त्याच नावाचे, पॅट्रिक बापाचे डझनावारी मुलगे निघतील. त्यातला एक 'आपला' म्हणून उचलण्याचा मोह फार जबर असतो, आणि इंटरनेटवरच्या कितीतरी चुकीच्या वंशावळी अशाच तयार झाल्या आहेत. म्हणून आधी पलटणीचे कागद. पलटणवहींना त्यातलं जास्त कळतं.

---

पलटणवही

हो, सुरुवात भारताकडूनच करा. 103 वी फूट म्हणजे रॉयल बॉम्बे फ्यूजिलिअर्स, मूळची ईस्ट इंडिया कंपनीची बॉम्बे युरोपियन पलटण. कंपनीच्या युरोपियन पलटणी राणीच्या फौजेत घेतल्या तेव्हा तिला हा क्रमांक मिळाला. 1881 मध्ये ती 102 व्या मद्रास फ्यूजिलिअर्सला जोडून रॉयल डब्लिन फ्यूजिलिअर्स झाली. मुंबई इलाख्याचीच 109 वी लेन्स्टर रेजिमेंटमध्ये गेली. हा धागा ठेवला नाही तर तुम्ही 1866 चा माणूस 'डब्लिन फ्यूजिलिअर्स' या नावाखाली शोधत बसाल.

पहिला प्रश्न: ते भरती कंपनीत झाले की राणीच्या फौजेत? 1858 च्या आधीची भरती असेल तर ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात बघा. मुंबई फौजेची मालिका L/MIL/12, बोटीवर चढवलेल्या रंगरुटांच्या याद्या L/MIL/9. त्यांत जन्माची काउंटी, पुष्कळदा पॅरिश किंवा गाव, आधीचा धंदा आणि बोटीचं नाव मिळतं. राणीच्या फौजेतून पेन्शन घेऊन बाहेर पडले असतील तर लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधली WO 97 मालिका. तिच्यातलं ठरलेलं वाक्य असं: 'अमुक पॅरिशमध्ये, तमुक गावाजवळ, अमक्या काउंटीत जन्म.' तुमच्या सगळ्या शोधाची किल्ली म्हणजे हे एक वाक्य.

WO 97 मधली अडचण लक्षात ठेवा. 1883 च्या आधी तिथे मुख्यतः पेन्शनीत गेलेल्यांचेच कागद आहेत. नोकरीत वारलेला, पळून गेलेला किंवा पैसे भरून सुटलेला शिपाई तिथे सापडत नाही. मग WO 12 मधल्या हजेरीपटांतून तिमाही-तिमाहीने मागे जावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण त्यातून भरतीची तारीख हाती येते.

दुसरी अडचण स्पेलिंगची. शिपायाने तोंडाने सांगितलं आणि इंग्रज कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलं. पॅरिशचं नाव नकाशात नसेल तर ते मोठ्याने म्हणून बघा, मग लोगेन्म या आयरिश स्थलनामांच्या फुकट कोशात त्या उच्चाराच्या जवळची नावं शोधा. 'जवळचं गाव' म्हणून लिहिलेलं गाव बहुधा बाजाराचं, ते दहा मैल लांबचंही असू शकतं.

मुंबईच्या चर्चच्या नोंदी N/3 या मालिकेत आहेत. लग्नाची नोंद मूळ गाव सांगत नाही, तुम्ही काही चुकवलेलं नाही. पण मूळ पानावरची साक्षीदारांची नावं उतरवून घ्या. एकाच गावातून बरोबर भरती झालेले दोघे परदेशात एकमेकांच्या लग्नाला उभे राहत. साक्षीदाराचे पलटणीचे कागद मिळाले, तर त्यांच्यावरून तुमच्या माणसाची पॅरिश निघू शकते.

शिकण्यासाठी: फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी, म्हणजे फिबिस. 1998 ची संस्था आहे. तिचा विकी आणि शोधसूची फुकट आहे. आयर्लंडचा कोणताही कोर्स घेण्याआधी त्या विकीवरची मुंबई फौजेची पानं दोन संध्याकाळी वाचून काढा. हा भाग आयरिश कोर्सांत बहुधा पाच मिनिटांत उरकतात.

---

लागनकाठ

व्याख्यानांचं मी सांगते. उत्तर आयर्लंडचं सरकारी दप्तर, बेलफास्टचं प्रोनी, आपली बरीचशी व्याख्यानं यूट्यूबवर ठेवतं, फुकट. टिपरेरी दक्षिणेत आहे, त्यामुळे त्यांचे कागद तुमच्या कामाचे नाहीत. पण टाउनलँड, ग्रिफिथची जमीन-आकारणी आणि जमीनदारांची दप्तरं कशी वाचायची, हे तिथून शिकलेलं सगळीकडे चालतं. डब्लिनची नॅशनल लायब्ररी आणि नॅशनल आर्काइव्ह्ज यांच्याकडे वंशशोधाची सल्लासेवा आहे. ऑगस्टमध्ये हेरिटेज वीक असतो, तेव्हा गावोगावी स्थानिक इतिहास मंडळांची फुकट व्याख्यानं होतात. पॅरिश ठरल्यावर त्या गावचं मंडळ शोधा. कुठली रायन शाखा कोणत्या टोपणनावाने ओळखली जायची, हे तिथल्यांनाच ठाऊक असतं.

ऐकण्याआधी व्याख्यानाची तारीख बघा. 2015 च्या आधीचं असेल तर कॅथलिक नोंदवह्यांसाठी डब्लिनला जाऊन मायक्रोफिल्म बघायला सांगतील. सप्टेंबर 2016 च्या आधीचं असेल तर प्रत्येक जन्ममृत्यूच्या नोंदीसाठी पैसे भरायला सांगतील. आता आयरिशजीनिऑलॉजी या सरकारी संकेतस्थळावर 100 वर्षांपूर्वीचे जन्म, 75 वर्षांपूर्वीची लग्नं आणि 50 वर्षांपूर्वीचे मृत्यू मूळ पानासह फुकट दिसतात. 20 युरो देऊन शिक्क्याचा दाखला मागवायची गरज संशोधनाला नसते.

कोर्सांत तीन पायऱ्या समजा. फ्यूचरलर्न या ऑनलाइन कोर्सांच्या संकेतस्थळावरचा स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाचा वंशशोधाचा सहा आठवड्यांचा कोर्स पुरावा कसा तोलायचा हे छान शिकवतो, पण तो आयर्लंडपुरता नाही. अल्स्टर हिस्टॉरिकल फाउंडेशन, 1956 ची संस्था, आयर्लंडवरच शिकवते. विद्यापीठाची पदविका किंवा पदव्युत्तर शिक्षण हे पुढे दुसऱ्यांची कामं करायची असतील त्यांच्यासाठी. एका घराण्यासाठी एवढा खर्च करू नका.

पैसे भरण्याआधी पाठ्यक्रम मागवा आणि तीन गोष्टी तपासा. ग्रिफिथनंतरच्या फेरआकारणीच्या वह्या शिकवतात का? स्वतःच्या कुटुंबावर स्वाध्याय असतो का, आणि तो कोणी तपासून परत देतं का? ध्वनिचित्रण किती दिवस बघता येतं? तिसरा प्रश्न पुण्याहून फार महत्त्वाचा, कारण आयर्लंडचे संध्याकाळचे 7 म्हणजे तुमच्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे 11:30 आणि हिवाळ्यात 12:30.

---

खडकीकर

फार मोलाचं सांगितलंत तिघांनी. दोन शंका. पलटणीचे कागद मिळालेच नाहीत तर टिपरेरीत आत शिरायची दुसरी वाट आहे का? आणि ग्रिफिथच्या यादीत पॅट्रिक रायनच्या पुढे कंसात 'डॅन' असं दिसलं, ते काय?

---

टाउनलँड_आधी

कंसातलं नाव ही खूणगाठ आहे. एकाच टाउनलँडमध्ये एकाच नावाचे दोघे असले की त्यांना वेगळं ओळखण्यासाठी बापाचं नाव किंवा टोपणनाव लिहीत. म्हणजे 'डॅनचा पॅट्रिक'. थोडक्यात, तुम्हाला फुकटात आणखी एक पिढी मिळाली, अर्थात हा पॅट्रिक तुमचा असेल तर. ग्रिफिथची आकारणी 1847 ते 1864 मधली, आणि टिपरेरीची 1850 च्या आसपासची. ती जनगणना नव्हे. घरातली माणसं तिच्यात नाहीत, फक्त कबजेदार, जमीन देणारा, एकर आणि आकार. नकाशाच्या रकान्यातला आकडा आणि मोठं अक्षर म्हणजे जमिनीचा तुकडा, लहान अक्षर म्हणजे घर. आस्क अबाउट आयर्लंड या संकेतस्थळावर ती फुकट आहे, मात्र तिथले बरेच नकाशे नंतरच्या फेरआकारणीचे आहेत. यादीतला आकडा नकाशावर जुळला नाही तर गोंधळू नका.

दुसरी वाट आहे, आणि ती तुमच्या बाबतीत खास बसते. 1 जानेवारी 1909 पासून 70 वर्षांवरच्यांना पेन्शन सुरू झाली. वयाचा पुरावा हवा, आणि 1864 च्या आधीचा दाखला तर कोणाकडेच नाही. मग डब्लिनचे कारकून 1841 आणि 1851 च्या जनगणनेत अर्जदाराचं कुटुंब शोधून अर्जावर टिपत. मूळ जनगणना 1922 मध्ये जळाली, हे अर्ज मात्र राहिले. नॅशनल आर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावर 'सेन्सस सर्च फॉर्म्स' या नावाने फुकट आहेत. अर्जात आईबापांची नावं आणि टाउनलँड असतं, कधी कारकुनाने घरातली सगळी माणसं वयासकट उतरवलेली असतात. खापरपणजोबा 1841 मध्ये दोन वर्षांचे. त्यांच्या मागे राहिलेल्या धाकट्या भावाने किंवा बहिणीने पेन्शनसाठी अर्ज केला असेल, तर ते दोन वर्षांचं मूल त्या कागदावर असू शकतं. मुलांची नावं जपून ठेवा. घरात आजोबाआजींची नावं ठेवायची रीत तिकडेही होती, त्यामुळे पुण्यातल्या मुलांच्या नावांवरून पॅट्रिकच्या बायकोच्या नावाचा अंदाज बांधता येतो. अंदाजच, पुरावा नव्हे.

याच पेन्शनमुळे 1911 च्या जनगणनेत म्हाताऱ्यांची वयं 1901 पेक्षा दहाऐवजी पंधरा-सोळा वर्षांनीही वाढलेली दिसतात. वय जुळत नाही म्हणून माणूस लगेच बाद करू नका.

---

लागनकाठ

नोंदवह्या वाचायला बसाल तेव्हा लॅटिन नावांची यादी शेजारी ठेवा. जेकोबस म्हणजे जेम्स, गुलिएल्मस म्हणजे विल्यम, होनोरा म्हणजे नोरा किंवा हॅनोरा, ब्रिजिडा म्हणजे ब्रिजेट, आणि तीच पुढे डीलिया किंवा बिडी म्हणून भेटते. डेमेट्रिअस दिसला तर तो जेरेमाया किंवा डार्बी असण्याचा संभव मोठा. आडनाव शोधताना रायन आणि ओ'रायन दोन्ही टाका.

सल्लासेवेला मेल लिहिताना घराण्याची कहाणी नको. एका परिच्छेदात नाव, धर्म, जन्माची खिडकी, पलटण, 1866 ची नोंद, वडिलांचं नाव आणि आतापर्यंत पाहिलेल्या साधनांची यादी द्या, कुठे काही सापडलं नाही तेही लिहा. शेवटी एकच प्रश्न विचारा. तुमचा प्रश्न असा असू दे: 'शिपायाच्या कागदात पॅरिशचं नाव असं लिहिलं आहे, टिपरेरीतली कोणती कॅथलिक पॅरिश आणि तिच्या वह्या कोणत्या वर्षापासूनच्या?' तो विचारण्याइतका कागद हाती येईपर्यंत मेल पाठवू नका.