थायलंडच्या तलावावर तरंगत्या खोलीत राहायचंय, दोघंच, मार्गदर्शन हवं

दहिसरची_नीता:
माझे मिस्टर लोकलचे मोटरमन आहेत. घरी येऊन आडवे झाले तरी कानात गाडी वाजत राहते म्हणतात. लेक आता नोकरीला बंगळुरात, त्यामुळे पहिल्यांदाच आम्ही दोघं परदेशी जायचं म्हणतोय. बँकॉक-पटायाची गर्दी नको. दक्षिण थायलंडमध्ये खाओ सोक राष्ट्रीय उद्यानात च्याव लान नावाचा तलाव आहे, तिथं पाण्यावर तरंगत्या खोल्या मिळतात. दिवाळीच्या सुट्टीत जावं का? टूरवाला फुकेतहून एका रात्रीचं पॅकेज देतोय, ते पुरेल का? ह्यांना पोहता येत नाही आणि मी पूर्ण शाकाहारी, हे दोन घोर आहेत.

गिरगावकर_काका:
नीताताई, एक रात्र अजिबात करू नका. फुकेतहून रस्त्यानं तीनेक तास, मग राच्चप्रफा धरणाच्या धक्क्यावरून लांबच्या खोल्यांना बोटीनं आणखी तासभर. पोचेपर्यंत दुपार होते आणि दुसऱ्या दिवशी जेवल्याबरोबर सामान बांधायचं. मधल्या वेळात सफारी, गुहा, फोटोची ठिकाणं. मोटरमन माणसाला सुट्टीतही टाइमटेबलच हातात द्यायचं का? निदान दोन रात्री राहा, आणि मधल्या दिवशी काहीही ठरवू नका.

तो मधला दिवसच खरा. आम्ही दोघं फेब्रुवारीत गेलो होतो. पहाटे पाण्यावर धुकं असतं आणि पलीकडच्या जंगलातून गिबन वानरांची लांबलचक साद येते. धुकं वर गेलं की चुनखडीचे उभे कडे थेट पाण्यातून निघालेले दिसतात. हा तलाव मुळात धरणाचा. 1987 साली धरण पुरं झालं आणि खालची गावं, जंगल पाण्याखाली गेलं. वाळलेल्या झाडांचे शेंडे अजून पाण्याबाहेर उभे आहेत. कोयनेकाठच्या माणसांना हे सांगायला नको. आमच्या हिचं माहेर तिकडचं, ती त्या शेंड्यांकडे बघत बराच वेळ गप्प होती. मग पाण्यात पाय सोडून बसलो, जेवलो, आणि ही भर दुपारी झोपली. संसारात ही बाई दुपारी झोपलेली मी पाहिलेली नाही. गॅस नाही, दारावरची बेल नाही, फोनला रेंज नाही. तुम्हा दोघांना मी हेच मागून देईन.

पोहण्याचं: खोल्या तराफ्यांवर ओळीनं बांधलेल्या आणि काठाला दोरांनी धरलेल्या असतात. बोट जवळून गेली की हलतात. पण फळ्यांच्या वाटेला बऱ्याच ठिकाणी कठडा नसतो आणि बाहेर पाऊल टाकलं की खोल पाणी. जेवणघराजवळची खोली मागा, रात्री टॉर्च हातात ठेवा. बोटीत आणि कयाकमध्ये लाइफ जॅकेट घालाच, अंगाला घट्ट बसतंय का ते तुम्ही स्वतः ओढून बघा.

अजून एक. मी बेस्टच्या डेपोत मेकॅनिक होतो, म्हणून सांगतो. तिथल्या लांब शेपटीच्या बोटीला मोटारीचं इंजिन असतं, त्याला लांब दांडा आणि टोकाला पंखा. आवाज कान फोडतो. मिस्टरांसाठी कानात घालायचे बोळे न्या. एकदा खोलीवर पोचलात की शांतता आहे.

मुलुंड_ट्रेकर:
दिवाळी टाळा. खाओ सोक थायलंडच्या सर्वात पावसाळी भागांपैकी आहे. दोन्ही समुद्रांकडचा पाऊस तिथं पोचतो, त्यामुळे नोव्हेंबरातही झोडपू शकतो. जानेवारी ते मार्च बघा. पावसाच्या दिवसांत नाम तालू गुहेत कोणी न्यायला तयार झाला तरी जाऊ नका. 2007 मध्ये तिथं अचानक पाणी भरून पर्यटक आणि वाटाडे बुडाले होते.
थायलंडला पोचण्याआधीच्या तीन दिवसांत तिथलं डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरा, 1 मे 2025 पासून ते लागतं. व्हिसाचे नियम तिकीट काढायच्या आधी बघून घ्या.

पार्ल्याची_मेघना:
नीता, नुसतं ‘व्हेज’ म्हणू नकोस, तिकडचा ‘जे’ हा शब्द वापर. ‘जे’मध्ये मांस, मासे, अंडं नसतंच, कांदा-लसूणही नसतो. तरी ‘नाम प्ला’ म्हणजे माशाचा सॉस घालू नका, हे वेगळं सांग. तिकडे तो मिठासारखा पडतो. बुकिंग करतानाच लिहून कळव, कारण सगळा बाजार बोटीनं येतो, ऐनवेळी काही मिळत नाही. मी भाजके पोहे, मेतकूट आणि खाकरे नेले होते.

दहिसरची_नीता:
सगळ्यांचे मनापासून आभार. फेब्रुवारीची रजा टाकायला सांगते. काका, संडास-बाथरूम खोलीतच असतं का? आणि विजेचं काय?

गिरगावकर_काका:
राष्ट्रीय उद्यानाच्या साध्या बांबूच्या खोल्यांना संडास बाहेर, सामायिक. खासगी तराफ्यांवर खोलीतच मिळतं, पैसे बरेच जास्त. रात्री फळ्यांवरून चालायला नको म्हणून तुम्ही खासगीच घ्या, इथं पैसे वाचवू नका. वीज पुष्कळ ठिकाणी जनरेटरवर, फक्त संध्याकाळपासून. बुक करताना तास विचारा. रोख बाट, म्हणजे तिकडचे पैसे, आधीच काढून ठेवा, तलावावर एटीएम नाही. बँकॉकमार्गे जाणार असाल तर पुढचं विमान सुरात थानीचं घ्या, तिथून धरणाचा धक्का फुकेतपेक्षा बराच जवळ पडतो.