साडूच्या वास्तुशांतीत "हे मासे मरतील" म्हणालो. चुकलं का?

काठावरचा_गडी:
मागच्या रविवारी साडूंच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली, कळंब्याकडं. हॉलमध्ये टीव्हीशेजारी काचेचा गोल बाऊल आणि त्यात दोन गोल्डफिश. फिल्टर नाही, हवेचा पंप नाही. तळाला निळे खडे, एक प्लॅस्टिकचा शंख. पाणी असेल सहा-सात लिटर. पाहुण्यांची पोरं बुंदी टाकत होती आणि मासे वर येऊन तोंड उघडत होते. सगळे कौतुकानं म्हणत होते, "बघा, कसं खायला मागतंय!" खायला कुठलं मागतंय, पाण्यात हवाच उरली नव्हती म्हणून वर आले होते.

मी बारा वर्षं मासे पाळतोय. तोंडातून निघून गेलं, "पाव्हणं, असं ठेवलं तर महिन्यात मरतील." गुरुजी अजून आत पूजेचं आवरत होते. हॉल गप्प. मेहुणी स्वयंपाकघरात गेली ती जेवण होईपर्यंत बाहेर आलीच नाही. घरी येताना बायको एकच बोलली, "मरण काढायला तुम्हाला तोच दिवस गावला?"

माझं म्हणणं खरं होतं, हे मी आजही म्हणतो. पण मासे अजून त्याच बाऊलमध्ये आहेत. मग बोलून काय मिळालं? आणि आता पुढं कसं बोलायचं?

शाहूपुरीची_मावशी:
चुकलंच. शुभकार्यात कुणी "मरतील" म्हणतं का रे? माझ्या घरात येऊन कुणी असं बोललं असतं तर पाणीसुद्धा विचारलं नसतं. त्यांनी हौसेनं आणले, त्यांच्या घरात ठेवले. उद्या तू म्हणशील तुळस चुकीच्या कोपऱ्यात आहे.

बारा_इंची:
मावशी, तुळस सुकली तर पान गळताना दिसतं. माशाचं तसं नाही, तो ओरडतही नाही. गोल्डफिश कल्ल्यांतून आणि विष्ठेतून सतत अमोनिया सोडतो. टाकीत फिल्टर असला तर स्पंजवर आणि खड्यांवर जिवाणू वाढतात. ते अमोनियाचं आधी नायट्राइट करतात आणि मग त्यामानानं निरुपद्रवी नायट्रेट. ही घडी बसायला चार ते सहा आठवडे लागतात. बाऊलमध्ये ती बसतच नाही. पाणी गढूळ दिसलं की लोक सगळं ओतून देतात, खडे घासूनपुसून धुतात, म्हणजे असतील नसतील ते जिवाणूही गेले. वर नळाचं क्लोरीनवालं पाणी थेट ओततात. माशाचे कल्ले भाजतात आणि आपण म्हणतो, "नजर लागली."

चांगली निगा राखली तर गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं जगतो आणि वीतभर होतो. इटलीत रोम शहरानं 2005 मध्येच गोल बाऊलवर बंदी घातली. गडी बोलला ते बरोबरच बोलला. गोड बोलून कोण ऐकतंय?

तांबडा_पांढरा:
भावा, कायदा रोमचा आणि घर कळंब्याचं. साडूला काय दंड लावणार हाईस? आणि एक सांग, पंचगंगेत मेलेले मासे तरंगतात तवा कोण कुणाला तोंडावर बोलतंय? तिथं सगळे गप, आणि पाव्हण्याच्या दोन माशांसाठी भाषण. रविवारी सुरमई तळून खाणारी माणसं आपण. जरा दमानं घ्या.

बारा_इंची:
नदीचा मुद्दा मान्य. पण नदीला न्याय मिळेपर्यंत बाऊलमधल्यांनी थांबायचं, हे काही पटत नाही. आणि खाण्याशी काय संबंध? बकरी पाळणारा माणूसही तिला सावलीत बांधतो.

टाकी_दुकान:
मी दहा वर्षं हा धंदा करतोय, कोल्हापुरातच. एक बाजू आमचीबी ऐका. गिऱ्हाईक येतंय ते टीपॉयचं माप घेऊन. दोन गोल्डफिशला निदान ऐंशी-शंभर लिटरची टाकी लागते म्हटलं की म्हणतंय, "तुम्हाला माल खपवायचाय." फिल्टर दाखवला की लाइट बिल काढतंय. पाच वॅटचा छोटा फिल्टर महिनाभर रात्रंदिवस चालवला तरी चार युनिटसुद्धा होत नाहीत. पण कोण ऐकून घेतंय? 2017 ला केंद्रानं मत्स्यालयाच्या दुकानांसाठी नियम काढले होते, बोंबाबोंब झाली, मागं घेतले.

अनुभवाचं सांगतो. "तुम्ही चुकताय" म्हटलं की माणूस बाऊलची बाजू घ्यायला लागतो. "पाणी किती दिवसांनी बदलता?" एवढंच विचारलं की स्वतःहून बोलायला लागतो. अर्ध्या लोकांना नळाचं पाणी चोवीस तास उघडं ठेवायचं असतं, नाहीतर क्लोरीन मारायचं औषध घालायचं असतं, हेच ठाऊक नसतं. दुकानात आम्हीबी सांगत नाही कधीकधी, गर्दी असली की. ते चुकतंच आमचं.

तांबडा_पांढरा:
एवढा ताप कशाला? रंकाळ्यात सोडून द्या म्हणावं. मासे सुटले, साडू सुटला.

टाकी_दुकान:
हे मात्र करू नका! उजनीत सकर मासा किती माजलाय ते तिथल्या कोळ्यांना विचारा. काटेरी अंगानं जाळी फाटतात आणि बाजारात त्याला कुत्रं विचारत नाही. तोबी कुणाच्या तरी काचेच्या टाकीतलाच. नको झालेला मासा दुकानात परत आणून द्या, आम्ही घेतो.

शाहूपुरीची_मावशी:
दुकानदार बोलले तसं बोलायला काय झालं होतं? गड्या, आधी मेहुणीला फोन कर. माशांचं नाव काढू नकोस. "त्या दिवशी माझी जीभ घसरली," एवढंच म्हण.

बारा_इंची:
माफी मागेस्तोवर मासे राहतात का बघा.

काठावरचा_गडी:
काल जाऊन आलो. फोन न करता गेलो, चुकलं असेल. मेहुणीला म्हटलं, "ताई, त्या दिवशी जीभ घसरली." ती हसली नाही, पण चहा टाकला. माझ्याकडची दोन फुटी जुनी टाकी आणि फिल्टर घेऊन गेलो होतो. पाणी पन्नासेक लिटर मावतं. दुकानवाले, कमीच आहे, ठाऊक आहे. पण सहा लिटरपेक्षा बरी. म्हटलं, "अडगळीत पडलीय, पोरांना गंमत." पाव्हण्यांनी एकच विचारलं, "आवाज येतो का रात्री?" म्हटलं, "पंख्यापेक्षा कमी." ठेवून घेतली. त्यांच्या धाकटीला दर आठवड्याला पाव पाणी कसं काढायचं ते दाखवलं. पाइपनं तळाचा गाळ ओढताना पोरगी खूश.

आज सकाळी पाव्हण्यांचा फोन. "टाकी आता मोठी झालीय, तर वास्तुवाले म्हणतात तसे नऊ करूया. आठ सोनेरी, एक काळा. कुठं चांगले मिळतील?"

आता काय बोलू?

शाहूपुरीची_मावशी:
आधी बायकोला विचार.

टाकी_दुकान:
माझ्याकडं पाठवा त्यांना. मी नाही देणार नऊ. वाईटपणा माझ्याकडं येऊ दे.