ऊसतोडीला आलेल्या गरोदर पोरीची नोंद इथं कर्नाटकात होते का? तातडीनं माहिती हवी

विहिरीकडची वैनी (निपाणी भाग)

नमस्कार मंडळी. आमचा ऊस या आठवड्यात तुटायला लागलाय. टोळी बीडकडच्या केज तालुक्यातली. आमच्या विहिरीशेजारच्या पड रानात त्यांनी खोप्या घातल्यात. त्यात एक एकोणीस-वीस वर्षांची पोरगी आहे. सातवा सरत आलाय, पहिलटकरीण. पहाटे चारला नवऱ्याबरोबर फडात उतरते. परवा मी चहा घेऊन गेले तेव्हा डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढत होती, एक हात मोळीला आणि दुसरा पोटाखाली. खाली उतरल्यावर बसली तर चपलेचा पट्टा पायात रुतलेला, काढल्यावर वळ तसाच. पाय सुजलेत. सकाळी उठलं की डोकं ठणकतं म्हणाली, पण ते उन्हाचं असेल असं तिचं तिनंच ठरवलंय.

तिच्याजवळ महाराष्ट्रातलं माता-बाल कार्ड आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. त्यावरची शेवटची नोंद गणपतीच्या सुमाराची. दसऱ्यानंतर टोळी निघाली ती निघालीच. मी तिला जवळच्या एका सरकारी दवाखान्यात घेऊन गेले, तर खिडकीवर सांगितलं की आधार महाराष्ट्राचं, रेशनकार्ड महाराष्ट्राचं, तुम्ही त्यांच्या गावाकडंच दाखवा. केज इथून काय चार पावलांवर आहे? ती बिचारी ओशाळून मला म्हणाली, "जाऊ द्या वैनी, खाडा पडंल."

मला विचारायचंय ते असं. तिची तपासणी, इंजेक्शन, गोळ्या इथं होऊ शकतात का? आमच्या अंगणवाडीत तिला जेवण मिळेल का? बाळंतपण कुठं करायचं? टोळीत लहान पोरंही आहेत, त्यांच्या लसींचं काय? घरचे म्हणतात आपण मध्ये पडू नये, मुकादम बिथरला आणि टोळी उठली तर ऊस उभा राहील. त्यांची काळजी मला कळते, वर्षाचं पीक आहे. पण रोज डोळ्यांसमोर बघून गप्प बसवत नाही.

---

आशा, चिकोडी तालुका

वैनी, नोंदणीचं नंतर बघू. पाय सुजलेत आणि डोकं ठणकतंय हे तुम्ही एकापाठोपाठ लिहिलंय, ते वाचून मी हातातलं काम ठेवलं. आज बीपी बघून घ्या. उद्या नको, आज. उपकेंद्रात, म्हणजे आता ज्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात तिथं, मशीन असतं आणि सीएचओ, म्हणजे तिथले आरोग्य अधिकारी, बसतात. बीपी 140/90 किंवा वर असेल आणि लघवीत प्रथिनं सापडली तर हा उन्हाचा त्रास नव्हे. यातून झटके येऊ शकतात, आई आणि बाळ दोघंही दगावू शकतात. पहिलटकरणींत हे जास्त दिसतं. डोळ्यांसमोर अंधारी येते का, पोटाच्या वरच्या बाजूला दुखतं का, तोंड आणि हाताची बोटं सुजलीत का, हेही विचारा. यातलं काही असेल तर उपकेंद्राचीही वाट बघू नका, 108 ला फोन करा. एक लक्षात ठेवा, आपल्या हद्दीवर मोबाईलला कधीकधी पलीकडचा टॉवर लागतो आणि कॉल महाराष्ट्रात जातो. फोन उचलल्या उचलल्या "बेळगाव जिल्हा, निपाणी तालुका" असं आधी सांगायचं.

आता खिडकीवरचं उत्तर. ते चूक आहे. गरोदर बाईची तपासणी ती जिथं राहते तिथंच करायची असते, मग आधार कुठलं का असेना. तिच्या कार्डावर आरसीएच नंबर, म्हणजे गरोदरपणाच्या सरकारी नोंदीचा नंबर, असेल तर तो सिस्टरला दाखवा, नसेल तर इथं नवीन नोंद करून तायी कार्ड, म्हणजे कर्नाटकातलं माता कार्ड, मिळेल. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण, नेणं-आणणं हे सगळं 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, साऱ्या देशात. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टर गरोदर बायकांना तपासतात, तो दिवस धरून ठेवा. मात्र आजच्या बीपीसाठी 9 तारखेची वाट बघू नका.

अंगणवाडीचं सांगते. आपल्या कर्नाटकात 2017 पासून मातृपूर्ण योजना आहे, गरोदर आणि बाळंतिणीला दुपारचं गरम जेवण अंगणवाडीतच मिळतं. टीचरला तिचं आधार दाखवा. गावाकडच्या अंगणवाडीत नाव असलं तर पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या अ‍ॅपमधून इकडं वळवता येतं. अडचण दुसरीच आहे, फडातून रोज दुपारी चालत कोण येणार? आमच्या गावात एका टोळीसाठी टीचरनं डबा भरून द्यायची सोय केली होती. नियमात जेवण केंद्रात बसून करायचं आहे, पण बाई फडातच असेल तर नियम धरून ती उपाशी राहणार. तुम्ही टीचरशी बोलून बघा.

आणि तुमच्या आशाताईंवर लगेच रागवू नका. आमच्याकडं घरांची यादी असते आणि खोपी त्या यादीत कधीच नसते, टोळी आली कधी आणि उठली कधी ते आम्हाला कुणी सांगत नाही. तुम्ही रान कुठलं, खोप्या किती, लहान पोरं किती एवढं सांगा. पोलिओच्या वेळी वीटभट्ट्या आणि ऊसतोडीच्या वस्त्यांची वेगळी यादी करतात, त्यात तुमचं रान घालून घ्या. एकदा नाव चढलं की लसीकरणाच्या दिवशी सिस्टर तिथं येतात.

---

धारूरचा, सध्या कोल्हापूर

वैनी, मी टोळीत वाढलेला आहे. आई-वडिलांनी निपाणी, संकेश्वर, उगार सगळीकडं ऊस तोडला. आता मी कोल्हापुरात नर्सिंगचं काम करतो. वर आशाताईंनी दवाखान्याचं सांगितलंय, मी मुकादमाचं सांगतो.

कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून एक. उचल, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेले पैसे, जोडप्याच्या नावावर असते. बाई बसली की अर्धा कोयता, आणि खाडा धरला की उचल फिटायला आणखी दिवस लागतात. म्हणून ती "जाऊ द्या" म्हणते. दवाखान्याला ती घाबरत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा याच कर्जावर यावं लागेल याला घाबरते. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, सरकारनं समिती नेमली, तेव्हा लोकांना धक्का बसला. आमच्या वस्तीवर ते सगळ्यांना माहीत होतं. दुखणं अंगावर काढायचं आणि फारच झालं तर एकदाच काय ते उरकून टाकायचं, खाडा नको, हाच हिशेब त्याच्यामागं.

मुकादमाशी चारचौघांत बोलू नका, त्याला ते अपमानाचं वाटतं. तुमच्या मालकांनी एकट्याला गाठून बोलावं. फडात काही बरंवाईट झालं तर पोलीस आधी त्याच्याकडंच येतील, हे त्यालाही कळतं. दवाखान्याची वेळ अशी धरा की गाडी भरून कारखान्यावर गेलीय आणि यार्डात नंबर लागायचाय. तेव्हा टोळी मोकळी असते.

बाळ इथं जन्मलं तर जन्माची नोंद इथंच होते. 21 दिवसांच्या आत केली तर दंड नाही. दाखला हातात घेतल्याशिवाय तिला मार्चमध्ये जाऊ देऊ नका. माझा धाकटा भाऊ हंगामात खोपीत जन्मला, नोंद कुणी केली नाही, पुढं शाळेपासून जातीच्या दाखल्यापर्यंत प्रत्येक ठिकाणी वडिलांना हात जोडावे लागले. मातृवंदना योजनेचे पहिल्या मुलाचे 5000 मिळतात, त्यातला दुसरा 2000 चा हप्ता जन्मनोंद आणि लसींच्या पहिल्या फेरीवर अवलंबून आहे. अर्ज भरलाय का ते केजच्या आशाताईंना फोन करून विचारा. आणि इथल्या सिस्टरना सांगा की कार्डावर लसींची नावं, तारखा, बीपीचे आकडे इंग्रजीत लिहा. कन्नडमध्ये लिहिलेलं आमच्याकडं कुणाला वाचता येत नाही, आणि मग सगळं पुन्हा पहिल्यापासून.

रेशनचंही बघा. एक देश एक रेशनकार्डमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही राज्यं 2020 पासून आहेत. तिच्या कार्डावरचं केंद्राचं धान्य तुमच्या गावच्या दुकानात मिळायला हवं. पण मशीन अंगठा घेत नाही. पाचटानं आणि कोयत्यानं बोटांची कातडी घासून गुळगुळीत होते, रेषाच उरत नाहीत. कुटुंबातल्या दुसऱ्या कुणाचा अंगठा चालतो का बघा, नाहीतर ओटीपीनं होतं, पण आधारला चालू मोबाईल नंबर जोडलेला पाहिजे.

---

खानापूरचे गुरुजी

पोरांबद्दल थोडं. सहा ते चौदा वयाच्या मुलाला दाखला नाही म्हणून सरकारी शाळा नाकारू शकत नाही, 2009 चा कायदा आहे. आपल्याकडं मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत, तिथं बसवा. बीडकडच्या शाळा शिक्षण हमी कार्ड देतात, ते असेल तर परत गेल्यावर वर्ष वाया जात नाही. दुपारचं जेवण शाळेत मिळतं. धाकट्यांना सांभाळायला मोठ्या बहिणीला खोपीवर ठेवतात, ती मात्र शाळेत येत नाही. तिच्यासाठी आधी धाकट्याची अंगणवाडी जमवावी लागते, हा माझा अनुभव.

---

सीमावासी

महाराष्ट्राची महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागाला लागू केली आहे ना? त्यात नाही का बसणार?

---

आशा, चिकोडी तालुका

ती आपल्या 865 गावांतल्या लोकांसाठी जाहीर झाली. ही पोरगी मूळचीच महाराष्ट्राची, तिला त्याची गरज नाही. सरकारी दवाखान्यात बाळंतपण असंही फुकट आहे. योजनेच्या नादानं तिला खासगीत नेऊ नका.

---

विहिरीकडची वैनी

ताई, तुमचं वाचून त्याच संध्याकाळी नेलं. बीपी 150/100, लघवीत प्रथिनं. सीएचओ बाईंनी तिथूनच 108 बोलावली. तालुक्याच्या दवाखान्यात ठेवून घेतलं, गोळ्या चालू केल्या, आणि बाळंतपण बेळगावच्या जिल्हा रुग्णालयातच करायचं असं कार्डावर लिहून दिलं. आधार कुठलं हे तिथं कुणी विचारलंही नाही. सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, ओझं उचलायचं नाही, वाकून तोडायचं नाही, दोन दिवसांआड बीपी.

मालकांनी मुकादमाला गोठ्याकडं बोलावून घेतलं. आधी घुश्शात होता. पोलिसांचं नाव काढावं लागलं नाही, त्याची स्वतःची सून त्याच आजारात गेली होती म्हणे. पोरगी आता खोपीवर भाकरी करते, नवरा दुसऱ्या एकट्या माणसाबरोबर कोयता लावतोय. उचलीचं काय करायचं ते मात्र अजून ठरलेलं नाही, आणि त्यात मला काही करता येईल असं वाटत नाही.

अंगणवाडी टीचरनं नाव घेतलं, डबा माझी मुलगी नेऊन देते. आशाताई येऊन खोप्या लिहून गेल्या, गुरुवारी सिस्टर पोरांना लस द्यायला येणार आहेत. रेशनला अंगठा खरंच लागला नाही, तिच्या दिराचा लागला.

आता पुढची अडचण. आमचा पट्टा संपला की टोळी रायबागकडं जाणार, तेव्हा तिला नववा असेल. बीपी कोण बघणार, रात्री गाडी कोण बोलावणार? माझं म्हणणं आहे की तिनं आमच्याकडंच राहावं, पण नवरा सोडून राहायला ती तयार नाही. रायबाग किंवा कुडची भागातल्या कुणी आशाताई किंवा शेतकरी हे वाचत असतील तर इथं लिहा. रान कुठलं ते मुकादमाकडून कळलं की मी लगेच टाकते.

---

आशा, चिकोडी तालुका

गावाचं नाव कळू दे, रायबागच्या आमच्या बायकांच्या ग्रुपवर मी टाकते. तायी कार्डाच्या दोन्ही पानांचा फोटो काढून ठेवा, आणि तिच्या नवऱ्याच्या फोनमध्येही टाका. बाळंतपणाची तारीख जवळ आली की आठवडाभर आधीच बेळगावला दाखल करून घेतात का, हे पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारा. नववा महिना खोपीत काढण्यापेक्षा ते बरं.